कडुनिंबाकडचा गोल

आमच्या मैदानाला सगळं शहर फुटबॉल ग्राउंड म्हणतं आणि तिथे फुटबॉल सोडून बाकी सगळं करतं. शहर नगर. कागदावर आता अहिल्यानगर लिहितो, तोंडात अजून नगरच येतं. मैदान आमच्या चर्चच्या मागे आहे. पणजोबांच्या काळात मिशनच्या साहेबांनी वस्तीतल्या पोरांना चेंडू दिला आणि त्यांच्याकडूनच दगडगोटे वेचून घेऊन ही जागा सपाट केली, असं आम्ही ऐकत आलो. तेव्हापासून वस्तीचा क्लब तिथे खेळतो. म्हणजे जागा मोकळी सापडली तर खेळतो. त्या क्लबचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. पोटासाठी शाळेत भूगोल शिकवतो.

सकाळी उजाडायच्या सुमाराला रिटायर्ड मंडळी येतात. मोबाइल मोठ्याने लावून चार फेऱ्या मारतात आणि मग रस्त्याकडच्या गोलात कोंडाळं करून हसतात. खरं हसत नाहीत, हात वर करून हसण्याचा आवाज काढतात. त्यात तब्येतीला फायदा असतो म्हणे. यातले निम्मे लोक घरी सुनेशी सरळ बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या सुना आमच्या शाळेत पालक म्हणून येतात. नेटला ते कानटोप्या, स्वेटर आणि दुधाच्या पिशव्या अडकवतात. एकदा मी नेट फाटेल म्हणालो, तर एक काका म्हणाले, "सर, नेट कशासाठी असतं? अडकवायलाच ना?" आणि त्यावर ते सगळे पहिल्यांदाच खरं हसले.

त्यांच्यानंतर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येऊन पेनल्टीच्या जागेवर आठाचा आकडा काढते. पोलीस भरतीची पोरं पळतात, त्यांना मी काही बोलत नाही, ती निदान घाम तरी गाळतात. पण बाकीचं सगळं हंगामाप्रमाणे. साड्यांचा सेल येतो, 'फॅक्टरी बंद, सर्व माल काढणे आहे' असा बोर्ड लावून. ती फॅक्टरी दर उन्हाळ्यात बंद पडते. दिवाळीला फटाक्यांचे स्टॉल. दसऱ्याला रावण जाळतात, त्याच्या पोटातले खिळे आणि तारा आम्ही नाताळपर्यंत वेचतो. कुठल्याशा चषकाच्या टेनिस बॉल क्रिकेट मॅचेस, ज्यात कॉमेंट्री करणारा माणूस खेळाडूंपेक्षा जास्त दमतो. कृषी प्रदर्शन भरतं तेव्हा सेंटरला रेडे बांधतात, आणि कर्जत-जामखेडहून आलेले शेतकरी रेड्याबरोबर सेल्फी काढून बियाणं न घेताच परत जातात. आमचे लोकही कमी नाहीत. बाहेरगावचे एक प्रवचनकार आजारी बरे करायला आले होते. मोठा मंडप, मोठे स्पीकर, मोठं रडणं. लंगडे चालले की नाही मला माहीत नाही, पण मंडपवाल्याची एक लोखंडी खुंटी जमिनीत राहिली आणि पुढच्या रविवारी आमचा लेफ्ट विंग लंगडायला लागला.

मैदान चर्चच्या ट्रस्टचं आहे, पण पूर्वीच्या लोकांनी एक शहाणपणाचा नियम करून ठेवला होता. क्लबच्या सेक्रेटरीने हरकत नाही असं सांगितल्याशिवाय ट्रस्टने मैदान कुणाला द्यायचं नाही. नियम मैदान वाचावं म्हणून केला होता. माझ्या काळात त्याचा अर्थ एवढाच उरला की माणसं आधी माझ्या घरी यायची, चहा प्यायची, आणि मी हरकत नाही म्हणायचो. एकदाही मी हरकत घेतलेली नाही.

का, ते सांगायला लाज वाटते. पैसे मी कधी घेतले नाहीत, मागितलेही नाहीत. मला शाल मिळायची. कार्यक्रम सेलचा असो, चषकाचा असो की वाढदिवसाचा, उद्घाटनाला मला स्टेजवर बोलावत, 'क्रीडाक्षेत्रातील आधारस्तंभ' म्हणून शाल आणि नारळ देत. खाली शेकडो लोक बसलेले असत. त्यांतल्या कुणाला माझ्याशी देणंघेणं नसे, टाळ्याही मोबाइल हातात असल्यामुळे नीट वाजत नसत. तरी मला ते आवडायचं. घरी शालींचा ढीग झाला होता. बायको त्या गाद्यांखाली घालायची. त्या शाली अंगाला टोचतात, दुसऱ्या कशाच्या कामाच्या नाहीत.

एका निवडणुकीच्या वेळी सभेसाठी कुणीतरी मोठा नेता हेलिकॉप्टरने येणार होता. आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा, ज्याला सगळे दादा म्हणतात, एक कार्यकर्ता घरी आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, लग्नाच्या घोड्यासारखा.

"सर, ते दांडे तेवढे काढावे लागतील. पंख्याला लागतील."

"दांडे नाहीत, गोलपोस्ट आहेत."

"तेच ते. परत बसवून देतो. हायेत तस्से."

मी हरकत नाही म्हणालो. त्यांनी पोस्ट बुडातून कापले, टेम्पोत टाकले, सभा झाली, आणि आठवड्याभराने पुन्हा वेल्डिंग करून उभे केले. दादांनी क्लबला जर्सीही दिल्या, छातीवर दादांचा हात जोडलेला फोटो. आमची पोरं पळू लागली की दादा सगळ्या मैदानभर हात जोडत पळायचे.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. रस्त्याच्या विरुद्ध टोकाला कडुनिंबाचं झाड आहे, त्या बाजूला आमच्यावर गोल होईनासे झाले. दोन्ही टोकांना कीपर तोच, बॅक तेच, पण कडुनिंबाकडे आम्ही वाचायचो. चेंडू पोस्टला लागायचे, बाजूने निघून जायचे. पोरं म्हणायला लागली, ती बाजू लकी आहे. टॉस जिंकला की आमचा कॅप्टन डोळे मिटून कडुनिंब मागायचा. दुसऱ्या हाफला आम्ही त्याच टोकाला गोल करायला जायचो आणि तिथे आमचेही गोल होत नसत, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सामने शून्य-शून्य सुटायचे आणि आम्ही बचाव सुधारला म्हणून पेढे वाटायचो. मी सेक्रेटरी, भूगोलाचा शिक्षक, मुलांना नकाशावरची अंतरं काढायला शिकवणारा, मीही पेढा खाल्ला.

माझी मुलगी गोलकीपिंग त्याच गोलात शिकली. आता ती अकरावीत आहे. मुलींचा संघ सुरू झाला तेव्हा ती सगळ्यात लांब हाताची म्हणून तिला गोलात उभं केलं, आणि ती तिथून हललीच नाही. रोज सकाळी कॉलेजच्या आधी सराव. रस्त्याकडच्या गोलात काका मंडळी हसत असत, म्हणून ती नेहमी कडुनिंबाकडे. ती चांगली होती, हे मी बाप म्हणून सांगत नाही, सगळे सांगत. तिची खासियत म्हणजे ती उगाच उडी मारायची नाही. चेंडू बाहेर चालला असेल तर नुसती उभी राहून बघायची. "हिला डोळा आहे," असं आमचे जुने खेळाडू म्हणायचे.

यंदा जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड आमच्या मैदानावर ठरली. दोन संघ पाडून एक सामना, त्यातून निवड. मुलीने त्यासाठी वर्षभर दुसरा विचार केला नव्हता. आधीच्या रविवारी संगमनेरचे एक क्रीडाशिक्षक मैदान तपासायला आले. निवड समितीतही तेच होते. अबोल माणूस, खिशात मोजायची टेप. टेपचं एक टोक त्यांनी माझ्या मुलीच्या हातात दिलं. रस्त्याकडचा गोल मोजला, मान हलवली. कडुनिंबाकडचा मोजला, टेप सोडली, पुन्हा मोजला.

"सर, हा कुणी बसवला?"

"का?"

"तिकडच्यापेक्षा हातभर लहान आहे."

"असं कसं होईल? आम्ही रोज खेळतो."

"मग रोज लहान गोलात खेळता." त्यांनी वरच्या दांडीवरचा वेल्डिंगचा सांधा दाखवला. "इथे कापून जोडलीय बघा. पोस्ट आत घेतलाय."

मुलगी टेप हातात धरून उभी होती. तिने विचारलं, "कुठल्या बाजूचा, सर?"

"तू गोलात उभी राहिलीस तर उजवीकडचा."

ती गोलात जाऊन उभी राहिली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. जाताना ते गृहस्थ म्हणाले की येत्या रविवारच्या आत नीट करून घ्या, नाहीतर सामना दुसरीकडे न्यावा लागेल.

संध्याकाळी ती जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, मी बाहेर म्हणून सोडलेले बॉल आठवतेय."

"सगळे बाहेरच गेले होते ना?"

"बाहेरच जाणार. पोस्टच आत होता."

मी पाण्याचा तांब्या आणायला उठलो. ती मात्र शांतपणे हिशोब करत होती. गोल लगेच दुरुस्त झाला आणि आठवडाभर रोज त्यात उभं राहता आलं, तर डोळा बसेल असं तिचं म्हणणं होतं. मैत्रिणी उजवीकडेच मारतील, ती बघत राहील. फक्त मैदान पाहिजे.

मैदान मी दिलेलं होतं. दादांच्या पुतण्याचं रिसेप्शन, शुक्रवारी. मंडपाचे टेम्पो सोमवारी सकाळीच आले. मी शाळेत अर्धी रजा टाकून मैदानावर गेलो. तोच कार्यकर्ता, तेच पांढरे कपडे, सेंटरला खुर्ची टाकून मंडपवाल्यांवर ओरडत होता.

"या सर, या. खुर्ची आणा रे सरांना."

मी बसलो नाही. म्हणालो, "मुलींचा सामना आहे रविवारी. सराव करायला मैदान हवंय. दुसरीकडे हलवता येईल का कार्यक्रम?"

"सर, लग्न हाय. वाढदिवस न्हाई पुढं ढकलायला. पत्रिका गेल्या पार पुण्यापर्यंत."

"निदान कडुनिंबाकडची बाजू मोकळी ठेवा."

"तिकडं जेवणाचे काउंटर हायेत. पाणीपुरी, चायनीज, डोसा. लई मोठं हाय सर." मग त्याला दया आल्यासारखं झालं. "पोरींना खेळायला काय लागतं? चार दगडं ठेवले की झाला गोल."

"गोल दुरुस्त करायचाय. तो लहान बसवलाय तुम्ही."

"व्हय, ते आपल्यावर सोडा. शनिवारी मंडप निघाला की करून देतो. वेल्डर आपलाच हाय."

"तो नको."

"तोच पायजे, सर. किती कापलं ते त्यालाच ठाऊक हाय ना."

मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्यात काय एवढं. टेम्पोतून काढताना दांडी वाकली हुती. वाकडी बसवली असती तर तुमीच बोलला असता." मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शुक्रवारी लवकर या. दादांनी तुमचा सत्कार ठेवलाय. पुण्याची लोकं येनारेत."

मी तिथून रागाने निघून गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. हरकत घ्यायचा हक्क अजून माझ्याकडे होता. ट्रस्टचं ऑफिस मैदानाच्या कडेलाच होतं आणि उघडं होतं. मी त्याच्यावरून चालत घरी आलो. शनिवारी दुरुस्त करून देणार आहेत, असं मुलीला सांगितलं, जणू काही मी मिळवून आणलं होतं.

"शनिवारी करून काय उपयोग?" ती म्हणाली. "मला बघायला मिळायला पाहिजे."

त्या आठवड्यात तिने काय काय करून बघितलं. गल्लीत दोन चपला ठेवून अंतर मोजायला गेली, तर आमची गल्लीच गोलापेक्षा अरुंद निघाली. चर्चच्या आवारात ठेवल्या, तर तिथे पाळकांच्या फुलझाडांच्या कुंड्या. कॉलेजच्या ग्राउंडवर परीक्षेला आलेल्यांच्या गाड्या लागलेल्या. बुधवारी ती दारातल्या पायरीवर ग्लोव्हज घालून नुसती बसली होती. मी बाजूने गेलो तर तिने पाय आत घेतले.

शुक्रवारी मी रिसेप्शनला गेलो. हे मी कबूल करतो, आणि गेलो नसतो तर काय झालं असतं हा विचार अजून पाठ सोडत नाही. काहीही झालं नसतं. गोल तितकाच राहिला असता, मंडप तिथेच राहिला असता. पण मी गेलो. पेनल्टीच्या जागेवर कारंजं होतं. धुरात नवरानवरी खोट्या ढगातून चालत आली आणि लोक पाणीपुरीच्या रांगेतून माना वर करून बघत होते. दर पाहुण्याला प्रश्न एकच, पार्किंग कुठे मिळालं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवर गेलो. दादांनी शाल घातली, फोटोवाल्याकडे बघून हसले, आणि हात मिळवता मिळवता पलीकडच्या माणसाशी बोलायला लागले. लाऊडस्पीकरचा आवाज आमच्या घरात स्पष्ट ऐकू येतो. घरी आलो तेव्हा मुलीने दार उघडलं, माझ्या खांद्याकडे बघितलं आणि आत गेली. शाल काढायची मला आठवण राहिली नव्हती.

शनिवारी उन्हं कलल्यावर वेल्डर आला आणि दांडीला तुकडा जोडून पोस्ट हातभर बाहेर सरकवून गेला. बुडाचं सिमेंट ओलं होतं, म्हणून त्या दिवशी तिथे चेंडू मारता आला नाही.

रविवारी राहुरीच्या, पाथर्डीच्या, कर्जतच्या पोरी टमटम आणि बसने आल्या. मैदानावर मंडपाचे खड्डे आम्ही सकाळी मातीने बुजवले होते, तरी गवतात चमकीचे कागद, टूथपिक आणि लिंबाच्या फोडी होत्या. फक्कीने लाइन मारली ती सांडलेल्या भातावरून गेली. माझ्या मुलीच्या संघाची कॅप्टन आमच्याच क्लबची होती. तिने टॉस जिंकला आणि बोट कडुनिंबाकडे केलं. मुलीने तिच्याकडे धावत जाऊन काहीतरी सांगितलं.

"अगं, लकी आहे ती," कॅप्टन म्हणाली. "गोल झालाय कधी तिकडे?"

पंचांनी शिट्टी वाजवली होती. मुलगी कडुनिंबाकडे चालत गेली.

पहिला चेंडू लांबून आला, जमिनीलगत, उजवीकडे. ती दोन पावलं गेली आणि थांबली, नेहमीसारखी, हात खाली सोडून. चेंडू तिच्या आणि पोस्टच्या मधून आत गेला. मैदानाबाहेर बसलेल्या लोकांना वाटलं, पोरगी झोपली. कुणीतरी तसं म्हणालंही, आणि बाकीचे हसले. दुसरा चेंडूही तिथेच. या वेळी तिने उडी मारली, पण आधी थांबून मग मारली. दुसऱ्या हाफला ती रस्त्याकडच्या गोलात होती. तिथे तिने एकही गोल होऊ दिला नाही. पण बघणाऱ्यांनी काय बघायचं ते पहिल्या हाफमध्येच बघून घेतलं होतं.

निवड जाहीर झाली. कीपर म्हणून पाथर्डीच्या मुलीचं नाव आलं. मी संगमनेरच्या त्या शिक्षकांना बाजूला घेतलं.

"सर, ती ज्या गोलात शिकली तो लहान होता. तुम्हीच मोजलात. तिचा डोळा त्याला बसलेला होता."

"कळलं ना मला. पहिला गोल झाला तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "पण समितीत सांगू काय? क्लबनेच लहान गोल लावला होता म्हणून? आणि मग समिती विचारणार, तुमचा सेक्रेटरी काय करत होता."

माझ्या उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. ते पाथर्डीच्या पोरींना टमटम मिळते का बघायला गेले.

मी महिन्याभरात सेक्रेटरीपद सोडलं. कुणी थांबवलं नाही. निरोपाचा छोटा कार्यक्रम ठेवला, त्यात शाल दिली, तीही मी घेतली. आता जो सेक्रेटरी आहे तो तरुण आहे, चटपटीत आहे, त्याला लोक घरी भेटायला येतात. परवा मैदानावर मोबाइलचं प्रदर्शन होतं.

मुलीने आमचा क्लब सोडला, आणि मला सांगून सोडला नाही. औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे एक दुसरा क्लब आहे, त्यांच्याकडे खेळते. त्यांचं मैदान म्हणजे नुसती खडी. पलीकडे नाला आहे, वास येतो, रस्ता धड नाही. तिथे कुणी मंडप घालत नाही, कुणी सेल लावत नाही, हेलिकॉप्टर तर लांबच. ते मैदान दुसऱ्या कशालाच चालत नाही, म्हणून तिथे रोज फुटबॉल होतो.

कधीकधी मी जाऊन तिच्या गोलाच्या मागे लांब उभा राहतो. ती मला बघते की नाही, माहीत नाही. तिचे गुडघे, कोपरं सोललेली असतात, कारण आता ती प्रत्येक चेंडूवर उडी मारते. सरळ बाहेर जाणाऱ्यावरही मारते. परवा एक चेंडू पोस्टपासून चांगला लांबून चालला होता, नाल्याच्या दिशेने. ती खडीवर घसरत त्याच्यापर्यंत गेली आणि हात लावून आली.

बॅकला खेळणारी मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं येडे, कशाला मरतेस? बाहेर चालला होता तो."

"असू दे," ती म्हणाली, आणि ग्लोव्हजवरची खडी झटकून परत गोलात गेली.